टेबलाला पाठवलेला राजीनामा

राजीनाम्याचा ईमेल लिहायला तिला अकरा दिवस लागले, आणि तो पाठवल्यानंतरचे तीन दिवस त्या अकरा दिवसांपेक्षा वाईट गेले.

ती पाणीपुरवठा केंद्रात ऑपरेटर होती. नळ सोडला की पाणी येतं, यापलीकडे पाण्याचा विचार न करणाऱ्या लाखभर माणसांसाठी एका बंद खोलीत तीन पडद्यांसमोर बसून राहायचं, असं ते काम. कुठल्या टाकीत किती पाणी आहे, कुठला पंप किती दाबाने चाललाय, क्लोरीन किती, गढूळपणा किती, हे आकडे डोळ्यांत तेल घालून बघायचे. सगळं नीट चाललं तर आठ तासांत काही म्हणजे काही घडत नाही, आणि काही न घडल्यामुळेच माणूस पार दमून घरी जातो. हे नातेवाइकांना कधी पटलं नाही. तिची नणंद तर दर वेळी म्हणायची, "तुझं बरंय बाई, बसून पगार." तिने पहिली दोन वर्षं समजावून सांगितलं, मग नाद सोडला.

त्या खोलीत आलटून पालटून बसणारे चौघे. सगळ्यात जुने काका, त्यांना साहेबसुद्धा काकाच म्हणत. दुसरा रेडिओ, कारण तो कधी बंद होत नसे. तिसरा मौनीबाबा. त्याने रेडिओच्या वाटणीचंही मौन स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. आणि अकरा वर्षांपूर्वी ती आली तेव्हापासून ती चौथी. नाव कितीही चांगलं असलं तरी तिथे ती चौथीच राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

त्या खोलीत एक रीत होती. शिफ्ट बदलताना येणाऱ्याने टेबलावरची वही उघडायची, सगळे आकडे मोठ्याने वाचायचे, आधीच्या शिफ्टने काही लिहून ठेवलं असेल तर तेही वाचायचं, मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचं, "घेतलं." तो शब्द कानावर पडल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही. मग बाहेर बस सुटो, नाहीतर घरी पाहुणे येऊन बसोत. आणि एकदा तो शब्द ऐकला की मागे वळून बघायचं नाही. टाकी उतू गेली तरी ती आता दुसऱ्याची. नोकरीला लागली तेव्हा तिला हा पोरखेळ वाटला होता. वर्षभरात कळलं, की रात्रपाळी करून घरी गेल्यावर आपल्याला जी गाढ झोप लागते ती त्या एका शब्दावर लागते.

तर अशी ही चौथी आठ महिन्यांच्या रजेवर होती. रजा पुढच्या सोमवारी संपत होती.

मुलगी झाली ती वेळेच्या दीड महिना आधी, आणि इतकीशी, की पहिल्यांदा बघितल्यावर नवरा म्हणाला, "ही तर मुंगी आहे." तेच नाव पडलं. मुंगी तीन आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तिच्या उशाशी एक पडदा होता आणि त्यावर आकडे. झालं! आकडे बघत बसणं हा जिचा धंदा, तिला आयुष्यात पहिल्यांदा असे आकडे मिळाले ज्यांच्यापुढे तिचं काही चालेना. नर्स म्हणायची, "तुम्ही जरा पडा, आम्ही आहोत ना." ती पडायची नाही. स्टुलावर बसून ती ते आकडे बघत राहायची.

मग मुंगी घरी आली, आणि घरी तर पडदाही नव्हता.

घरात माणसं नव्हती असं नाही. नवरा होता. शाळेची बस चालवायचा, सकाळी एक फेरी, दुपारी एक, मधला वेळ मोकळा. सासूबाई होत्या. गुडघे बोलत असले तरी हात खमके होते, आणि तीन मुलं वाढवल्याचा अनुभव त्या अधूनमधून ऐकवायच्या. दोघंही दिवसातून दहादा म्हणायची, "तू झोप गं, मी आहे ना." ती मान डोलवायची, आतल्या खोलीत जाऊन पडायची आणि छताकडे बघत बाहेरचा एकेक आवाज ऐकायची. हे चमचा पडल्यासारखं वाजलं. ही सासूबाईंची चप्पल. आता मुंगी कुरकुरली. आता का गप्प झाली? एवढं झालं की ती उठून बाहेर यायची. नवरा मुंगीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत असायचा. "झोपली नाहीस?" तो विचारायचा. "झाली झोप," ती म्हणायची, आणि मुंगीला काढून घ्यायची.

याला एक कारण होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मुंगी तीन महिन्यांची असताना एका दुपारी तिला दूध पाजता पाजता हिचा डोळा लागला. किती वेळ, देव जाणे. जाग आली तेव्हा कूस मोकळी होती. मुंगी पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत घसरली होती. तिथे नशिबाने जुन्या रजयांचा ढीग होता, आणि त्यावर ती खुशाल झोपली होती. ओरखडासुद्धा नाही. पण हिच्या पोटात जो गोळा आला तो पुढे पाच महिने तिथेच राहिला. अकरा वर्षांत जिच्या शिफ्टला एक अलार्म चुकला नाही, ती स्वतःचं मूल कुशीत असताना झोपली होती. मग पंपांसमोर काय दिवे लावणार? उद्या आपला डोळा लागला, क्लोरीनची मात्रा बिघडली आणि ते पाणी लाखभर घरांत गेलं तर? त्या घरांतही मुंग्या असतीलच की.

हा प्रश्न तिच्या डोक्यात एकदा शिरला तो बाहेर पडेना. रजा संपत आली तसा तो वाढत गेला. शेवटी तिने नवऱ्याला सांगितलं, "मी नोकरी सोडते."

नवरा गोंधळला. "का? मुंगीचं बघायला मी आहे, आई आहे..."

"मुंगीसाठीच."

यापुढे बोलायची सोय राहिली नाही. नवऱ्याने दोन दिवस समजूत घातली, तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून तो विषय सोडून दिला. वर मजकूरही त्यानेच लिहून दिला, कारण ती लिहायला बसली की पहिल्या ओळीवर घोडं अडायचं. त्याने लिहिलेला मजकूर त्याच्या बससारखाच होता, सरळ आणि ठरलेल्या थांब्यांवर थांबणारा: 'महोदय, कौटुंबिक कारणास्तव मी रजेनंतर कामावर रुजू होऊ शकत नाही. कृपया माझा राजीनामा स्वीकारावा. आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहे.'

तो मजकूर आठ दिवस फोनमध्ये पडून राहिला. ती उघडायची, वाचायची, बंद करायची. मंगळवारी दुपारी मुंगी मांडीवर झोपलेली असताना तिने तो पुन्हा उघडला आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली: 'शिवाय माझा आता माझ्यावर भरवसा राहिलेला नाही.' मग धाडधाड पुढची बटणं दाबली आणि फोन उशीखाली सारला, जणू तोच आता ओरडणार होता.

फोन ओरडला नाही. कुणीच काही बोललं नाही.

संध्याकाळपर्यंत तिने तो सतरा वेळा बघितला असेल. बुधवारीही उत्तर नाही. साहेब रागावले असणार. त्यांनी रजेसाठी वरच्यांशी भांडून आठ महिने मिळवून दिले होते, आणि हिने दोन ओळींत सगळं धुडकावलं. गुरुवारी तिला वाटलं, की ती शेवटची ओळ वाचून त्यांनी चौकशी लावली असेल. भरवसा नाही म्हणजे काय? बाई कामावर काही करून बसली की काय? जुन्या नोंदी काढून बघत असतील. भाजी चिरताना तिने तीच सुरी दोनदा शोधली, आणि दोन्ही वेळा ती हातातच होती.

"पोचला असेल गं," नवरा म्हणाला. "लोक लगेच उत्तर देत नाहीत."

"घेतलं असं तरी म्हणायचं ना!" ती एकदम ओरडली. मुंगी दचकून रडायला लागली. नवऱ्याला काही कळलं नाही. तिलाही आपण काय बोललो ते नंतर कळलं.

शुक्रवारी दुपारी तिने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. नवरा दुपारच्या फेरीवर होता. सासूबाई म्हणाल्या, "ठेव तिला, मी आहे ना." हिने मुंगीला झोळीत घालून छातीशी बांधलं, दुधाची बाटली, दुपटी, कपड्यांचे दोन जोड, तापमापक असा संसार पिशवीत भरला आणि निघाली.

केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्याने मुंगीला बघून तोंडभर हसून सलाम ठोकला. गाळण-टाक्यांवरून येणारा तो ओला, थोडा क्लोरीनचा वास नाकात शिरला तसा तिने थांबून एक लांब श्वास घेतला. आठ महिन्यांत तिला कुणाकुणाची आठवण आली होती, पण या वासाची आपल्याला एवढी आठवण येत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

साहेब दारातच भेटले, हातात हेल्मेट, कानाला फोन. तिला बघून त्यांनी फोनवर हात धरला. "अरे वा! हीच का ती? छान, छान. सोमवारी येताय ना? तुमच्या बदलीवरचा माणूस पार कंटाळलाय हो."

तिने तोंड उघडलं. "साहेब, मी ते... मंगळवारी..."

"सोमवारी बोलू, सोमवारी. मला वरच्या टाकीवर जायचंय." आणि ते फाटकाकडे गेलेसुद्धा.

ती तिथेच उभी राहिली. साहेबांना काहीच माहीत नव्हतं. तिने फोन काढला, मंगळवारचा ईमेल उघडला आणि पहिल्यांदाच वरचा पत्ता नीट वाचला.

पत्ता टेबलाचा होता.

खोलीत चौघांना मिळून एकच ईमेल होता, त्याला सगळे टेबल म्हणत. 'ताप आहे, येत नाही', 'शिफ्ट बदलून हवी', 'पंप तीनचा आवाज ऐका, मला बरा वाटला नाही', कामावर काहीही कळवायचं तर टेबलाला कळवायचं. अकरा वर्षांत तिने साहेबांना थेट लिहिलं असेल चार वेळा. त्या दुपारी तिने कामावरच्या माणसांना लिहायचं म्हणून फोन उघडला आणि हात सवयीने टेबलाकडे गेला. आणि टेबलावर आलेला प्रत्येक निरोप वहीत उतरवायचा, पुढच्या शिफ्टला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि जोपर्यंत ज्याचा आहे तो माणूस तो निकाली काढत नाही तोपर्यंत शिफ्टमागून शिफ्ट पुढे द्यायचा, हा तिथला नियम होता. नवीन माणसांना तो नियम तिनेच शिकवला होता.

म्हणजे 'माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही' हे वाक्य मंगळवारपासून त्या खोलीत दिवसातून तीनदा मोठ्याने वाचलं जात होतं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तशीच घरी जावं असंही वाटलं. पण वही तिथेच राहिली असती आणि तीन वाजता तो मजकूर पुन्हा वाचला गेला असता. या विचाराने ती जिना चढली.

खुर्चीत काका होते. त्यांनी मान वळवली नाही. बसलेल्याने पडद्यावरून नजर काढायची नाही, दारातून कुणी का येईना. पण पावलांवरून त्यांनी ओळखलं असावं.

"ये चौथे. पोरीला आणलंस? डावीकडून ये, म्हणजे मला दिसेल."

ती डावीकडून आली. काकांनी एक डोळा पडद्यावर ठेवून दुसऱ्याने मुंगीला बघितलं, ते त्यांनाच जमे. "नाक तुझं. रंग कुणाचा काय माहीत."

"काका, माझा ईमेल..."

"वहीत आहे."

"तुम्ही साहेबांकडे का नाही पाठवला?"

"वाच की. लिहिलंय सगळं."

वही नेहमीच्याच जागी होती, कोपरे दुमडलेली, चहाच्या कपाचे गोल डाग पडलेली. मंगळवारच्या पानावर रेडिओच्या गिचमिड अक्षरात तिचा अख्खा राजीनामा उतरवलेला होता, तिच्या शेवटच्या ओळीसकट. खाली त्यानेच लिहिलं होतं: 'वाचला. पुन्हा वाचला. फोन करणार होतो पण मी फोन केला की मीच बोलतो, म्हणून केला नाही. चौथीचा भरवसा नाही तर मग आमचा कुणाचाच नाही, कारण पंप तीनचा आवाज अजून आम्हाला कळत नाही. काय करायचं ते पुढच्या शिफ्टने ठरवावं. मला वाईट वाटलं, एवढी नोंद घ्यावी.'

त्याखाली मंगळवार रात्रीचं नुसतं 'घेतलं', मग काकांचं अक्षर, बुधवार सकाळ: 'वाचलं. विचार करतो.'

आणि त्याखाली मौनीबाबा. त्याच्या नोंदी अकरा वर्षं दोन शब्दांच्या असायच्या, 'सर्व ठीक'. या वेळी त्याने चार ओळी लिहिल्या होत्या, अक्षर ठळक, एकही खाडाखोड नाही:

'पाठवणारी आठ महिने सलग ड्युटीवर आहे. तिची सुटका झाल्याची नोंद कुठेही नाही. बारा तासांनंतरची सही ग्राह्य धरत नाहीत. झोपून उठल्यावर तिला पुन्हा विचारावे.'

त्यानंतरच्या प्रत्येक शिफ्टने खाली फक्त 'घेतलं' लिहून वेळ घातली होती. बुधवार रात्र, घेतलं. गुरुवार सकाळ, घेतलं. गुरुवार दुपार, गुरुवार रात्र, आज सकाळी सात, घेतलं, घेतलं, घेतलं. बदलीवर आलेल्या माणसानेसुद्धा लिहिलं होतं, आणि तो तर तिला ओळखतही नव्हता.

बारा तासांचा नियम तिला तोंडपाठ होता. तिच्या आधी कधीतरी एक ऑपरेटर सुटका न आल्यामुळे पंधरा तास बसला आणि पंधराव्या तासाला त्याने भलताच व्हॉल्व्ह उघडला. खालच्या वस्त्यांना दोन दिवस चिखल प्यावा लागला. तेव्हापासून बारा तास उलटलेल्या माणसाने वहीत काहीही लिहिलं, अगदी स्वतःचं नाव लिहिलं, तरी ते चालत नसे. आधी झोप, मग सही. यात अपमान नव्हता. थकलेल्या माणसाचं कुणी ऐकू नये, आणि त्याने स्वतःचं तर मुळीच ऐकू नये, एवढाच त्याचा अर्थ.

ती वही हातात धरून उभी राहिली आणि रडू लागली. आवाज न करता, कारण त्या खोलीत आवाज करायचा नसतो. मुंगी झोळीतून तिच्या हनुवटीकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "मी झोपले होते. मुंगी भिंतीकडे पडली, मी झोपलेच होते." आणि रजयांच्या ढिगाची ती दुपार तिने पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली, पाठमोऱ्या काकांना.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. वरच्या टाकीचा आकडा थोडा खाली आला, त्यांनी दुसरा पंप चालू केला, वहीत वेळ लिहिली. मग म्हणाले, "त्या दिवशी किती तास झाले होते तुला?"

मोजायचे म्हटलं तर काचेच्या पेटीपासून मोजावे लागले असते.

"घरी कोण आहे सुटकेला?"

"आहेत. नवरा आहे, सासूबाई आहेत. म्हणतात ना, मी आहे ना म्हणून."

"मी आहे ना, हे काय आहे?" काका पहिल्यांदा चिडले. "इथे मी येऊन तुला नुसतं म्हणालो असतो मी आहे ना, तर तू खुर्चीतून उठली असतीस? लाव त्याला फोन. बोलव इथे."

नवऱ्याची फेरी संपतच होती. अडीचला फाटकाबाहेर शाळेची रिकामी बस येऊन उभी राहिली आणि पहारेकऱ्याला प्रश्न पडला, की सहल आली की काय. नवरा धापा टाकत वर आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काय झालं? मुंगी ठीक आहे ना?"

"मुंगी ठीक आहे. हिची ड्युटी संपलीय," काका पडद्याकडेच बघत म्हणाले. "ताबा घ्यायचाय तुम्हाला. आधी आकडे सांगा. मुलीचे. ती बरोबर म्हणाली तर पुढे."

नवरा आधी तिच्याकडे बघत राहिला, मग काकांच्या पाठीकडे. ही थट्टा नाही हे त्याला कळलं असावं. शाळेच्या मुलांची हजेरी घेतो तशी त्याने मान ताठ केली.

"दूध... आता एकला घेतलं असेल. सकाळी साडेसहाला, साडेनऊला. साडेनऊचं अर्धं टाकलं. झोप सकाळी पाऊण तास. नाक वाहतंय, पण ताप नाही. दात डावीकडून येतोय खालचा, म्हणून उजवीकडेच चावते." तो थांबला. "डाव्या कानामागे पुरळ आहे, परवापासून. मी तिथे तेल लावत नाहीये."

तिने मुंगीचा कान हळूच पुढे दुमडला. मागे पुरळ होतं. बारीक, लाल, मोहरीएवढं. आठ महिने ती डोळ्यांत तेल घालून बघत होती, आणि हे तिला दिसलं नव्हतं. त्याला दिसलं होतं. तो बघत होता. तिला वाटत होतं आपण एकटीच पडद्यासमोर बसलोय, आणि तो रोज शेजारी उभा राहून आकडे वाचत होता, नुसता हात ठेवायची वाट बघत. तिला स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्याच्याबद्दल इतकी माया दाटली, की दोन्हींत फरक करता येईना.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग म्हणा," काका म्हणाले.

"काय म्हणू?" नवऱ्याने विचारलं.

तिनेच सांगितलं. तिने झोळीची गाठ सोडली, मुंगीला त्याच्या हातांत दिलं, आणि लगेच सोडलं नाही. तिच्या बोटांना ते जमेना. क्षणभर दोघांनीही मुलीला धरून ठेवलं. मग नवरा हळूच म्हणाला, "घेतलं."

तिने हात काढून घेतले.

शेजारच्या खोलीत लोखंडी बाकावर एक पातळ गादी असते, दुहेरी शिफ्ट करणाऱ्यांसाठी. ती त्यावर पडली तेव्हा खालून मुंगीच्या रडण्याचा आवाज आला. तिचं अंग सवयीने उठायला निघालं. तो आवाज बसच्या दिशेने लांब गेला, कमी झाला, थांबला. का थांबला? प्रश्न आला, तिच्या उशाशी उभा राहिला, आणि त्याला उत्तर मिळायच्या आत ती झोपली.

जागी झाली तेव्हा खिडकीतलं ऊन सरकून दारापाशी गेलं होतं. पहिल्यांदा तिने कूस चाचपली. रिकामी. ती धडपडत खिडकीशी गेली. खाली गाळण-टाक्यांच्या कडेच्या गवतावर नवरा मांडी घालून बसला होता. मुंगी त्याच्या हातात उभी राहायचा प्रयत्न करत होती आणि दर वेळी मटकन बसत होती. ते किती वेळ चाललं होतं कोण जाणे. ती काचेला हात टेकवून उभी राहिली, खाली मात्र पळाली नाही. पोटातला गोळा होताच, पण आज पहिल्यांदा तो थोडा सैल वाटला.

नियंत्रण खोलीत शिफ्ट बदलली होती. खुर्चीत मौनीबाबा होता. तिची चाहूल लागली तशी त्याने पडद्यावरून नजर न काढता वही तिच्याकडे सरकवली आणि पेन वर ठेवलं. साडेपाच वाजले होते.

"झोप झाली?" त्याने विचारलं. एका दिवसाच्या मानाने त्याचं हे भाषणच होतं.

"तीन तास."

त्याने मान हलवली. तिने पेन घेतलं, आणि हात पुन्हा थबकला. भीती गेली नव्हती. सोमवारी त्या खुर्चीत बसल्यावर ती पुन्हा येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण वहीत खोटं लिहायचं नसतं. तिने तारीख घातली, वेळ घातली आणि सावकाश लिहिलं: 'झोपून उठले. राजीनामा मागे घेत आहे. सोमवारी सकाळी सातला येते. डोळा लागेल अशी भीती अजून वाटते. सर्वांनी लक्ष ठेवावे.'

मौनीबाबाने ते अकरा वर्षांच्या रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचलं, शेवटच्या ओळीसकट, कुठेही न अडखळता. मग बसल्या बसल्याच एक हात मागे नेऊन आपल्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाला, "घेतलं."